घरचा पंच

आमच्या गावचा फुटबॉल क्लब घरच्या मैदानावर एकही सामना हरला नाही. हे वाक्य मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकलं आहे की आता ते गावाच्या नावाचाच भाग वाटतं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ते येतं, यात्रेच्या कुस्त्यांआधी येतं, पुढारी आला की हार घालण्याआधी येतं. गावाला सांगण्यासारख्या विजयाच्या गोष्टी फार नाहीत. घरटी एक माणूस फौजेत आहे, पण त्यातल्या पुष्कळांनी काय जिंकलं हे ते सांगत नाहीत आणि काहीजण सांगायला परत आले नाहीत. उरतो हा क्लब. तो बंद पडून वीसेक वर्षं झाली, अजिंक्यपण मात्र चालू आहे. न हरण्याचा सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे न खेळणं, आणि त्या बाबतीत आमच्या क्लबाने इतक्या वर्षांत कुठलीही कसर ठेवलेली नाही.

क्लब माझ्या धाकट्या चुलत्यांनी काढला. मी त्यांना तात्या म्हणे. ते फौजेतून नाईक म्हणून निवृत्त झाले. एसटीतून उतरून घरापर्यंत पोचेस्तोवर गावाने त्यांना हवालदार केलं आणि वर्षभरात सुभेदार. तात्यांनी सुरुवातीला ही बढती नाकारून पाहिली. मग सोडून दिलं. आमच्याकडे माणूस फौजेत कुठल्या हुद्द्यावर होता यापेक्षा गावाला त्याच्याविषयी किती भीती वाटते यावर हुद्दा ठरतो.

त्यांनी पलटणीतून तीन वस्तू आणल्या: एक फुटबॉल, एक शिट्टी आणि एक मनगटी घड्याळ. तोवर गावाला कुस्ती ठाऊक होती आणि कबड्डी. फुटबॉल हा कोल्हापूरवाल्यांचा नाद समजला जाई. पारावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने पहिल्याच दिवशी विचारलं, "हात लावायचा न्हाई म्हनता, मग देवानं हात दिल्यात कशाला?" तात्या म्हणाले, "थ्रो करायला." थ्रो म्हणजे काय हे म्हाताऱ्याला कळलं नाही, पण उत्तर इतक्या तत्परतेने आलं होतं की त्याला पुढे काही विचारवलं नाही.

मैदान म्हणजे गावाच्या उत्तरेचा माळ. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. खाली नदीकडे ऊस, वर मुरमाड. माळावर कुसळ आणि तरवड सोडून काही येत नसे, म्हणून तो आमचा की पलीकडच्या गावाचा हे कुणी कधी विचारलं नाही. शेळ्या दोन्ही गावांच्या चरत. तात्यांनी पोरांकडून दगड वेचून घेतले, आणि बंद पडलेल्या पाणी योजनेच्या पाइपांचे दोन गोलपोस्ट उभे केले. त्यातला एक दुसऱ्यापेक्षा वीतभर बुटका होता. नाणेफेक जिंकली की कुठली बाजू मागायची याबद्दल आमच्या कप्तानाला कधी विचार करावा लागला नाही.

मैदानाला चार कोपरे असतात. आमचा एक कोपरा म्हणजे बाभळीचं खोड, दुसरा वारूळ, तिसरा निव्वळ समजुतीचा. चौथ्यावर, पार उत्तरेच्या टोकाला, तात्यांनी झेंड्याची काठी लावली ती गुराख्यांनी नेली. दुसरी लावली, तीही नेली. मग त्यांनी मला बरोबर घेतलं, ओढ्यातून एक उभट दगड उचलून आणला आणि पहारीने खड्डा घेऊन पुरला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि संघात राखीव होतो, म्हणजे ओझी उचलायला मोकळा. दगड लांबून दिसावा म्हणून रंगवायचा ठरला. चुना संपला होता. शाळेत कुंड्यांना लावायचा गेरू शिल्लक होता, तो लावला.

ही चूक होती. आमच्या भागात माळावरचा तांबडा दगड फार दिवस दगड राहत नाही.

त्यात तात्यांनीच भर घातली. सामन्याआधी नारळ फोडायचा रिवाज होता, आणि गोलपोस्टच्या पाइपावर नारळ फुटेना, म्हणून ते तो कोपऱ्यातल्या दगडावर फोडत. दोन-तीन हंगामांत कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. मग शेंदूर आला. आमचा गोलरक्षक सैन्यात भरती झाला तेव्हा त्याच्या आईने नवस फेडायला दगडाला चांदीचे डोळे बसवले. माळाच्या टोकाला एकटा उभा असलेला शेंदरी देव म्हणजे शिवेवरचा म्हसोबाच असणार, हे गावाने आपोआप ओळखलं. आणि म्हसोबा तिथे आहे त्याअर्थी गावाची शीव तिथे आहे, हेही ओघानेच आलं. देव शिवेवर बसतो हे सगळ्यांना माहीत असतं. इथे शीव चालत देवाकडे गेली. कॉर्नर किक मारताना पोरं आधी पाया पडू लागली. पाहुण्या संघातलेही पडत. म्हसोबाच्या अंगाला पाय लागू नये म्हणून चेंडू दोन हात अलीकडे ठेवायचा असा नियमच झाला.

आता अजिंक्यपणाविषयी. बाहेरून पंच बोलावणं आम्हाला परवडत नसे आणि तात्यांना पटत नसे. शिट्टी त्यांच्याकडे होती, त्यामुळे पंच तेच. ते पक्षपात करत असं म्हणता येणार नाही. फाऊल ते दोन्ही बाजूंना सारखे देत, आमच्या पोरांना तर चारचौघांत शिव्याही देत. त्यांचा भर सगळा वेळेवर असे. आम्ही पुढे असलो की सामना वेळेत संपे, कधी वेळेच्या जरा आधीच. मागे असलो की संपत नसे.

एकदा मिरजेहून चांगला संघ आला होता. त्यांनी लवकर गोल केला आणि मग सूर्य डोंगराआड गेला तरी आम्ही धावतच होतो. त्यांचा कप्तान तात्यांकडे आला.

"आवं, किती राहिलंय? चेंडू दिसंना झालाय."

तात्यांनी घड्याळ डोळ्यांशी नेलं. "हायत अजून सात-आठ मिंटं."

"मघाशी पण तेवढीच होती की."

"मघाशी तुमी टाइम खाल्ला. त्यो भरून काढतोय."

शेवटी काळोखात कुणाच्या तरी ढुंगणाला लागून चेंडू बुटक्या पोस्टात गेला आणि त्याच क्षणी सामना संपल्याची शिट्टी झाली. मिरजेचा कप्तान चिडला नाही. त्याने बूट काढता काढता शांतपणे विचारलं, "सुभेदार, ह्ये घड्याळ चालतं तरी कशावर?"

"चावीवर," तात्या म्हणाले. "आन् चावी माझ्याकडं हाय."

मिरजेचा संघ पुन्हा आला नाही. हळूहळू कुणीच येईना. कराडचे एकदा आले आणि त्यांनी स्वतःचं घड्याळ आणलं. त्यावरून वाद झाला, तो त्यांच्या जीपच्या चाकातली हवा जाण्यापर्यंत गेला. आम्ही बाहेर जात असू तेव्हा काय होई ते व्यासपीठावरून कुणी सांगत नाही. सांगलीत आम्ही हरलो, साताऱ्यात हरलो, पाचगणीला एका शाळेच्या पोरांनी आम्हाला असं खेळवलं की त्यांचे मास्तर शेवटी पोरांनाच रागावले. कोल्हापुरात किती गोल झाले ते मोजायचं आम्ही मध्येच सोडलं. घरच्या मैदानावर, हे शब्द त्या वाक्यात उगाच नाहीत.

मग पोरं कमी झाली. काही फौजेत, काही पुण्याकडे कंपन्यांत, उरलेली क्रिकेटमध्ये. नोकरीसाठी मी सांगलीला गेलो होतो, सुट्टीला आलो की तात्या आधी माझ्या पायांकडे बघत आणि मग विचारत, "बूट आनल्यात का?" शेवटचा सामना पलीकडच्या गावाशी झाला. आमचे नऊजण होते, त्यात एक माझा मेहुणा, जो पाहुणचाराला आला होता. पलीकडच्यांचा कप्तान डेअरीत दूध घालणारा धिप्पाड गडी. त्याने पूर्वार्धात एक गोल केला. नंतर नेहमीप्रमाणे संध्याकाळ झाली, दिवेलागण झाली, आणि शिट्टी काही वाजेना. आमच्यात गोल करण्याची ताकद नव्हती आणि तात्यांना थांबायची घाई नव्हती.

"सुभेदार, म्हशी वरडाय लागल्यात," तो कप्तान म्हणाला. "आमी चाललो."

"शिट्टी झाल्याली न्हाई."

"मग झाली की सांगा."

ते माळावरून ओळीने निघून गेले. आम्ही थोडा वेळ मैदानात उभे राहिलो, कारण नियमाप्रमाणे सामना चालू होता. त्यानंतर क्लबाचा एकही सामना झाला नाही. तो क्लब बंद करण्याचा ठराव कुणी केला नाही, की निरोपाचं भाषणही झालं नाही. चेंडू फुटला, तो शिवायला दिला, आणि आणायचा राहिला.

मध्यंतरी स्कॉटलंडमधल्या एका छोट्या गावच्या बंद पडलेल्या फुटबॉल क्लबाचा इतिहास माझ्या वाचनात आला. तो क्लबही फारसं काही जिंकला नव्हता. पण त्यांच्या प्रत्येक सामन्याची नोंद होती, पाऊस होता की नव्हता इथपर्यंत. मैदानावर आता मोठं दुकान झालंय आणि मैदानाचा मध्य नेमका पावाच्या फळीशी येतो हे म्हातारी माणसं अजून दाखवतात. मी सुट्टीत हे तात्यांना सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं.

"त्येंचा पंच कोन हुता?"

"बाहेरचा असायचा."

"मग बुडनारच," तात्या म्हणाले.

तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. काकू जाऊन काही वर्षं झाली होती, आणि पहिल्या संघातले काहीजण फोटोत गेले होते. तात्या रोज दुपार कलली की काठी घेऊन माळावर जात. गोलपोस्टच्या पुढ्यातले दगड वेचत, काठीने कडेला सारत. तिथे कुणी खेळत नव्हतं. शेळ्या मागे मागे फिरत, आणि दगडाखाली उघडं पडलेलं गवत खात. मी एकदा विचारलं, कशासाठी. म्हणाले, "पोरं आज न्हाईत. उद्या न्हाई आली तर परवा येतील. आल्यावं जागाच नसली तर?"

हे विचारायला कारण घडलं होतं. उपसा सिंचन योजनेचं पाणी माळापर्यंत आलं आणि त्याच सुमारास खालचा रस्ता रुंद झाला. ज्या मुरमाला कुत्रं विचारत नव्हतं त्याला भाव आला. पलीकडच्या गावातल्या एका भावकीने माळ आपल्या वडिलार्जित जमिनीत येतो म्हणून बोलायला सुरुवात केली. आमच्या गावाचं म्हणणं, माळ शिवेच्या अलीकडे आहे, म्हणजे आमचं गायरान आहे. तात्यांची मागणी एवढीच होती की ते मैदान म्हणून सरकारी कागदावर लागावं. "एकदा मैदान म्हनून लागलं," ते म्हणत, "की मी सुटलो." याखेरीज त्या काळात त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. घरात जेवणाच्या वेळा चुकल्या तरी त्यांनी कधी चौकशी केली नाही. माझा फोन गेला की मात्र पहिलं वाक्य, "मैदानाचं काय झालं?"

आमचे सरपंच तरुण होते आणि कार्यक्रमात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी मैदानाच्या नोंदीचा अर्ज नंतर केला, आधी तात्यांचा सत्कार ठरवला. 'क्रीडामहर्षी' अशी पदवी, फेटे, शाल, श्रीफळ, रस्त्यावर कमान. तात्या म्हणाले, "महर्षी म्हंजे दाढी लागंल." सरपंच म्हणाले, "आवं सुभेदार, तुमी फक्त खुर्चीवर बसायचं, बाकीचं आमी बघतो." गावात कुणाचीही विल्हेवाट लावायची पद्धत साधारण हीच आहे. शिवेची सरकारी मोजणी लागली होती आणि सत्कार तिच्या दुसऱ्या दिवशी धरला होता, म्हणजे दोन्ही आनंद एकदम साजरे होतील. फेटे कोरेगावहून आदल्या आठवड्यातच आले होते.

मोजणीला मी सांगलीहून आलो. उन्हाळा लागला होता. दोन्ही गावांची माणसं माळावर जमली होती, आमच्यातली टोप्या घालून, कारण फोटो निघणार होते. मोजणीसाहेब म्हणजे तिशीच्या आतला मुलगा, पिवळ्या तिकटीवर यंत्र लावून इकडून तिकडे जात होता. जुने हद्दीचे दगड रस्त्याच्या कामात गेले होते, त्यामुळे त्याला लांबून मेळ घालत यावं लागलं. त्याचा मदतनीस लाल कापडाच्या खुंट्या ठोकत माळाच्या दक्षिणेकडून आला आणि बाभळीच्या खोडाशी थांबला. शीव तिथून जात होती. म्हणजे मैदान सगळंच्या सगळं पलीकडे.

मग आमचे पोलीस पाटील पुढे झाले.

"सायेब, तुमचं मशीन बरूबर आसंल. पर शिवंचा म्हसोबा त्यो तिकडं हाय, त्या टोकाला. देव काय चुकंल व्हय?"

साहेबाने पलीकडच्या लोकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्याही निम्म्या लोकांचे नवस त्या म्हसोबाला होते, आणि जमीन मिळवण्यासाठी देवाविरुद्ध साक्ष द्यायला कुणी पुढे येईना. एका म्हाताऱ्याने तर तिकडे बघून टोपी काढली. साहेब चालत दगडापाशी गेला. दगडावर एव्हाना शेंदराची एवढी पुटं चढली होती की तो मूळच्या दुप्पट झाला होता. वर पत्र्याचं छप्पर, पुढे घंटा. मुलगा नवा होता, पण त्याला आपली नोकरी कळत होती.

"दगड पूर्वीपासून इथंच आहे असं दोन्ही गावांचं म्हणणं असेल," तो म्हणाला, "तर मी तसा पंचनामा करतो. मग वरून फेरमोजणी लागेल. तोवर जागा आहे तशी राहील."

पोलीस पाटलांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "तोवर म्हंजे आपल्या नातवंडांपत्तूर." त्यांचा हिशोब योग्य होता. त्यांच्या स्वतःच्या बांधाची फेरमोजणी त्यांच्या वडिलांनी मागितली होती.

साहेबाने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मजकूर लिहिला आणि मान वर न करता विचारलं, "पंच कोण?"

आमच्या गावाने हा प्रश्न दुसऱ्या कशासाठी ऐकलाच नव्हता. विचार करण्याआधी दहा तोंडं बोलली, "सुभेदार." आणि कुणीतरी मागून, "आमचं कायमचं पंच." माणसं हसली. वातावरण सैल झालं. तात्यांना खुर्चीवरून उठवून गाडीपाशी आणलं. वाट करून देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर तोच निर्धास्तपणा होता, जो पूर्वी संध्याकाळी एका गोलाने मागे असताना आमच्या चेहऱ्यावर असे. शिट्टी आपल्या माणसाकडे आहे.

"काय लिवलंय?" तात्यांनी विचारलं.

साहेबाने वाचून दाखवलं. सदर दगड शिवेचा असून तो पुरातन आहे आणि पूर्वापार याच ठिकाणी स्थित आहे, असं आम्ही पंच सत्य प्रतिज्ञेवर सांगतो.

तात्यांनी पेन घेतलं. दगडाकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं. मधलं सगळं मैदान पाहिलं; गवत वाळून गेलं होतं आणि दोन्ही पोस्टांपुढे त्यांनी झाडलेले दोन स्वच्छ चौकोन तेवढे दिसत होते. मग त्यांनी पेन परत दिलं.

"ह्यो दगड म्या पुरलाय."

"कधी?" साहेब म्हणाला.

"क्लब काढला तवा. कॉर्नरला."

"कसल्या कॉर्नरला?"

"कॉर्नर किक हितनं मारायची. काठ्या ऱ्हाईनात, म्हनून दगड."

गलका झाला. सरपंचांचा आवाज सगळ्यांत वर आला. "आवं सुभेदार, ऊन लागलंय का? देव हाय त्यो."

"देव हाय की. म्या कुठं न्हाई म्हनतोय? पर त्येला हितं म्या आनलाय, वड्यातनं. दोघांनी उचलून." त्यांनी काठी माझ्याकडे केली. "ह्यो हुता बरूबर. इचारा."

सगळे माझ्याकडे वळले. मी "हो" म्हणालो. गावाच्या इतिहासलेखनातलं माझं योगदान एवढंच.

साहेबाने लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला आणि कोरा घेतला. जिंकल्याचा आवाज अशा प्रसंगी कसा करायचा हे पलीकडच्या गावातल्या लोकांना सुचत नव्हतं. त्यांच्यातून एकजण लंगडत पुढे आला. तोच डेअरीवाला कप्तान. आता गुडघे गेले होते, पोट सुटलं होतं. तात्यांसमोर येऊन उभा राहिला.

"सुभेदार," तो हळूच म्हणाला, "मग शिट्टी झाली म्हनायची का?"

तात्यांनी सवयीने मनगट वर केलं. घड्याळ होतं, पण बऱ्याच वर्षांत त्याला चावी दिली नव्हती.

"झाली," तात्या म्हणाले.

घरी जाताना आम्ही दोघेच होतो. गाव पुढे निघून गेलं होतं. मी म्हटलं, "तात्या, गप्प बसला असता तर चाललं असतं. मैदान राहिलं असतं."

"सई करायची व्हती न्हवं?" ते म्हणाले. "शिट्टी फुकायची असती तर फुकली असती."

सत्कार झाला नाही. फेटे कोरेगावच्या दुकानदाराने परत घेतले, घडी मोडली नव्हती म्हणून. लोकांनी तात्यांना वाळीत वगैरे टाकलं नाही, ते दिवस गेले. फक्त पारावर ते आले की बोलणं पावसावर जाई. एका म्हातारीने दारात येऊन विचारलं, आमच्या ल्योकाचा नवस मग कुनापाशी फेडला आमी? गोलरक्षकाची आई ती. तात्यांनी तिला बसायला पाट दिला, ती बसली नाही.

पावसाळ्याआधी माळावर प्लॉट पडले. गॅस कटरने गोलपोस्ट कापले, बुटका आधी. बातमी कुणीतरी सांगितली तेव्हा तात्या भाकरी खात होते, ती त्यांनी संपवली. त्यानंतर ते माळाकडे गेले नाहीत. दुपार कलली की काठी घेऊन उठत, दारापर्यंत जात, तिथे जरा थांबून परत येऊन बसत. मी शनिवार-रविवार येत असे. आमच्यात बोलायला विषय उरला नव्हता, कारण पूर्वीही तो एकच होता. एकदा मी उगाच मैदानाच्या आठवणी काढल्या. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दुसऱ्याचं रान हाय त्ये."

म्हसोबा मात्र जागेवर आहे. जेसीबीवाल्याने त्याला हात लावायला नकार दिला, तेव्हा प्लॉटवाल्यांनी नकाशा बदलला. रस्ता तिथे येऊन काटकोनात वळतो. मंगळवारी नारळ फुटतात. तात्यांची साक्ष सरकारने मानली, देवाने मानली नाही.

तात्या दिवाळीच्या आधी गेले. झोपेत गेले असं सांगण्याची पद्धत आहे, पण तसं नव्हतं. साताऱ्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून गेले. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हते. नर्स सलाइन बदलायला आली की तिला विचारत, "किती झालं?" ती प्रामाणिकपणे घड्याळ बघून वेळ सांगे. ते नाराज होत.

मेलेल्या माणसाला क्षमा करणं गावाला जड जात नाही. तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर तात्यांचा फौजेतला फोटो होता, आणि चारी बाजूंनी श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे, त्यात सरपंचांचा तात्यांपेक्षा मोठा. खाली ठळक अक्षरांत, 'क्रीडामहर्षी सुभेदार'. ना महर्षी, ना सुभेदार. शोकसभेत सरपंच म्हणाले की या महामानवाने घडवलेला आपला क्लब घरच्या मैदानावर एकही सामना हरला नाही. लोकांनी माना डोलावल्या. पलीकडच्या गावचा तो कप्तान मागे उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं.

सांगलीला परतताना एसटीत मी ते वाक्य पुन्हा तपासून पाहिलं. शेवटचा सामना आम्ही हरलो होतो, खुद्द पंचांनीच तसं सांगितलं होतं. तरी वाक्य खोटं ठरत नाही. मोजणीप्रमाणे मैदान पलीकडच्या गावात आहे. घरच्या मैदानावर आमचा क्लब एकही सामना खेळलेला नाही.